बळीचा बकरा नेमका कोणता?

एखादा कार्यक्रम फसला, हिशेब जुळला नाही, पाहुण्यांची बस चुकली की लगेच प्रश्न येतो: आता बळीचा बकरा कोणाला करायचे? हा शब्द आपल्या तोंडात इतका बसला आहे की त्यातला बकरा कोणता, असे कोणी विचारत नाही. इंग्रजीत याच अर्थाने 'स्केपगोट' म्हणतात. विल्यम टिंडेलने १५३० साली बायबलच्या आपल्या इंग्रजी भाषांतरात तो शब्द घडवला आणि ज्यू लोकांचा एक अतिप्राचीन विधी त्यामुळे जगभर पोचला. गंमत अशी की त्या विधीत बकरे दोन होते. एकाचा बळी जाई. पापे मात्र ज्याच्या डोक्यावर ठेवली जात तो दुसरा, आणि त्याचा वेदीवर बळी दिला जात नसे. म्हणजे आपल्या वाक्प्रचारात अर्थ एका बकऱ्याचा आहे आणि नाव दुसऱ्याचे.

हा विधी तोराहमधील लेवीय या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात सांगितला आहे. दिवस योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताचा. ज्यू पंचांगातील तिश्री महिन्याची दहावी तिथी. ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येते. प्रमुख याजकाने दोन बकरे घ्यायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एक चिठ्ठी परमेश्वरासाठी, दुसरी 'अजाजेल'साठी. पहिल्याचे अर्पण व्हायचे. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून याजकाने सगळ्या लोकांचे अपराध बोलून दाखवायचे, आणि मग एका माणसाने त्याला रानात नेऊन सोडायचे.

तोराहमध्ये एवढेच आहे. जेरुसलेमच्या मंदिरात हे प्रत्यक्षात कसे चाले, त्याचा तपशील इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामधील 'योमा' या भागात मिळतो, आणि तो वाचताना सगळे डोळ्यांसमोर उभे राहते. दोन्ही बकरे दिसायला सारखे, उंचीला सारखे, सारख्याच किमतीचे आणि एकाच वेळी विकत घेतलेले असावेत, असा दंडक होता. कोण मरणार आणि कोण रानात जाणार, हे बकऱ्याच्या कुठल्याही गुणदोषावरून ठरू नये! ज्याच्यावर दोष जातो तो दोषी म्हणून निवडला जात नाही, हे त्या विधीतच उघड मांडलेले होते. चिठ्ठ्यांच्या पाट्या आधी लाकडी होत्या. पुढे बेन गामला याने त्या सोन्याच्या करून दिल्या.

रानात जायच्या बकऱ्याच्या डोक्याला किरमिजी लोकरीचा धागा बांधत. तो नेणाऱ्यासाठी मंदिरापासून खास वाट उभारली होती. कारण बघे त्या बकऱ्याचे केस ओढत आणि 'घे आणि नीघ' म्हणून ओरडत. पापे लवकर गावाबाहेर जावीत ही घाई तेव्हाही होतीच. वाटेत दहा मांडव असत. अंतर बारा मिल, म्हणजे ढोबळमानाने बारा किलोमीटर. दिवस कडक उपवासाचा, तरी प्रत्येक मांडवात त्या माणसाला 'हे अन्न, हे पाणी' असे विचारले जाई. यावर तालमूदमध्ये एक मार्मिक टिप्पणी आहे: कोणालाही ते अन्न कधी लागले नाही, पण टोपलीत भाकरी असलेला आणि नसलेला यांची अवस्था सारखी नसते. शेवटच्या मांडवाच्या पुढे मात्र त्याच्यासोबत कोणी जात नसे. सगळे दुरून पाहत. कड्यावर पोचल्यावर तो धाग्याचे दोन भाग करी, एक खडकाला आणि दुसरा शिंगांमध्ये बांधी, आणि बकऱ्याला मागे ढकलून देई. तोराहमध्ये सोडून देणे होते. इथे त्याचा कडेलोट झाला. बकरा मोकळा सुटून पुन्हा वस्तीत परत आला तर काय, ही भीती त्यामागे असावी असे मला वाटते. धागा पांढरा झाला की अपराध धुतले गेले, असे लोक मानत.

'अजाजेल' म्हणजे कोण किंवा काय? यावर फार वाद आहेत. तालमूदमध्ये एक मत असे की हे कठीण, खडकाळ जागेचे नाव आहे. हनोखच्या ग्रंथात त्या नावाचा एक पतित देवदूत येतो. तेराव्या शतकातील रामबान यांना ही अडचण चांगलीच जाणवली, कारण एकाच देवाला मानणारा धर्म रानातल्या शक्तीला बकरा कसा देईल? त्यांचे उत्तर असे की हे अर्पण नव्हे. मालकाच्या सांगण्यावरून त्याच्याच सेवकाला ताट वाढावे, तसे ते आहे.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते बाराव्या शतकातील रामबाम यांचे म्हणणे. पाप ही काही गाठोड्यासारखी वस्तू नाही, की एकाच्या पाठीवरून उतरवून दुसऱ्याच्या पाठीवर ठेवता येईल. बकरा हे एक दृश्य आहे; ते पाहून माणसाच्या मनात धाक बसावा आणि त्याने बदलावे. मिश्नाही हेच वेगळ्या शब्दांत बजावते. देव आणि माणूस यांच्यातील अपराध योम किप्पूरने धुतले जातात. माणसामाणसांतील अपराध मात्र ज्याचे वाईट केले त्याची समजूत घातल्याशिवाय धुतले जात नाहीत. आणि 'आधी पाप करतो, मग योम किप्पूर आहेच' असे म्हणणाऱ्याला त्या दिवसाचा उपयोग नाही.

आपल्याकडे साथीच्या दिवसांत मरीआईचा गाडा वेशीपार ढकलण्याची चाल होती. बकऱ्याशी तिचे साम्य चटकन जाणवते, पण एक फरक मोठा आहे. गाड्याबरोबर जाते ते बाहेरून आलेले संकट. बकऱ्याबरोबर जाते ते आपण स्वतः केलेले, आणि तेही आधी सर्वांसमक्ष मोठ्याने कबूल केलेले. प्रमुख याजक त्या दिवशी तीनदा कबुली देई: आधी स्वतःची आणि घरच्यांची, मग याजकवर्गाची, आणि शेवटी लोकांची. आज आपण ज्याला बळीचा बकरा करतो त्याच्याबाबत नेमके हेच गळते. कबुली कोणीच देत नाही, बकरा तेवढा उरतो.

इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडले आणि विधी थांबला. तो आता फक्त शब्दांत आहे: योम किप्पूरच्या प्रार्थनेत त्याचे सविस्तर वर्णन वाचतात, आणि काही ठिकाणी लोक साष्टांग नमन करतात. पुढे काही समाजांत 'कपारोत'ची रूढी आली. कोंबडा डोक्याभोवती तीनदा फिरवायचा, मग कापून गरिबाला द्यायचा. सोळाव्या शतकातील योसेफ कारो यांनी ही चाल बंद पाडावी असे लिहिले. मोशे इस्सर्लिस यांनी तिची पाठराखण केली. आज पुष्कळ जण कोंबड्याऐवजी पैसे फिरवून दान करतात.

हे सगळे दूरचे वाटले, तरी मराठीत योम किप्पूरला स्वतःचे नाव आहे. कोकणातले बेने इस्राएल, गावोगाव तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले, या दिवसाला 'दारफळणीचा सण' म्हणत. दारे लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, उपवास करायचा आणि बाहेरच्या कोणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. त्यांच्याजवळ मंदिर नव्हते, याजक नव्हता, बकराही नव्हता. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. दारे उघडत, गरिबांना दान दिले जाई आणि लोक एकमेकांच्या घरी जात.