मिरा रोडची धाड आणि धोरणाचा ताळेबंद

सरकारचे तंत्रज्ञानविषयक धोरण सफल झाले की विफल, हे कोणत्या मापाने ठरवावयाचे, हा प्रश्न 2016 च्या ऑक्टोबरात मिरा रोड येथे जितक्या स्पष्टपणे उभा राहिला, तितका तो अन्यत्र क्वचितच उभा राहिला असेल. त्या महिन्याच्या आरंभी ठाणे पोलिसांनी रात्रीच्या वेळी तेथील कॉल सेंटरांवर धाड घालून सातशेहून अधिक माणसांना ताब्यात घेतले. अमेरिकेतील नागरिकांना दूरध्वनी करावयाचा, आपण तेथील करखात्याचे अंमलदार आहोत असे भासवावयाचे, थकबाकीपोटी तत्काळ अटक होईल असा धाक घालावयाचा, आणि भयभीत झालेल्या माणसास दुकानातून प्रीपेड कार्डे विकत घ्यावयास लावून त्यांवरील क्रमांक त्याच्याच तोंडून वदवून घ्यावयाचे, असा तेथील रात्रपाळीचा परिपाठ होता. ताब्यात घेतलेल्यांपैकी कित्येक जण नुकतेच शिक्षण संपविलेले, नोकरीच्या शोधातले तरुण होते.

आता दुसऱ्या बाजूस महाराष्ट्र राज्याचे 2015 चे माहिती तंत्रज्ञान धोरण ठेवून पाहावे. वाढीव चटईक्षेत्र, मुद्रांक शुल्कात माफी, विजेच्या आकारणीत सवलत अशी तजवीज त्यात होती, आणि तिची फलश्रुती मोजावयाची ती गुंतवणूक व रोजगार यांच्या आकड्यांनी. या सवलती चुकीच्या होत्या असे मी मुळीच म्हणणार नाही. कारण इंग्रजी संभाषणाचे जेमतेम भांडवल असलेल्या उपनगरांतील असंख्य मुलामुलींना या व्यवसायाने सचोटीची भाकरी मिळवून दिली आहे. परंतु ज्या हिशेबात खुर्ची मोजली जाते आणि त्या खुर्चीवरून काय बोलले जाते याची दखल घेतली जात नाही, तो हिशेब अपुरा आहे.

कायदा नव्हता असेही नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 चा. त्यात 2008 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 66 ड अन्वये संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड सांगितलेला आहे. उणीव होती ती अंमलबजावणीची. पुढे 2020 च्या नोव्हेंबरात केंद्राने कॉल सेंटरांवरील नोंदणीची सक्ती उठविली. प्रामाणिक व्यावसायिकाचा जाच त्यामुळे निश्चित कमी झाला, मात्र देखरेखीचा भार तितक्याच प्रमाणात पोलिसांवर येऊन पडला.

आणि तोच धाक, तीच तोतयेगिरी आज ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने आपल्याच घरांत शिरली आहे. सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी 2024 या एका वर्षात सुमारे 22,845 कोटी रुपये गमावले, असे केंद्र सरकारनेच संसदेत सांगितले. मिरा रोड ज्यात मोडते त्या मिरा-भाईंदरसाठी व वसई-विरारसाठी 1 ऑक्टोबर 2020 पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. तेव्हा फिर्यादी किती आल्या, रक्कम किती गोठविली आणि प्रत्यक्ष फिर्यादीच्या हाती किती परत पडली, हे पोलीस ठाणेनिहाय दरवर्षी प्रसिद्ध व्हावे, आणि तंत्रज्ञान धोरणाचे गुणांकन करताना हा तपशील गुंतवणुकीच्या आकड्याशेजारी मांडला जावा, ही मागणी नागरिकांनी आग्रहाने करावयास हवी.

दूरध्वनीवरून वा व्हिडिओ संभाषणातून कोणासही अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. असा धाक कोणी घातला तर संभाषण तेथेच तोडावे, आणि पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे.