शस्त्रक्रियेनंतरचा घास: तक्रार आणि तिचा काळ

लठ्ठपणा कमी करण्यासाठी जठरावर किंवा आतड्यावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांना वैद्यकशास्त्रात बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. त्या आता मुंबई-पुण्याबरोबरच अनेक लहान शहरांतही होऊ लागल्या आहेत. शस्त्रक्रिया एक-दोन तासांत आटोपते आणि रुग्ण दोन-चार दिवसांत घरीही येतो. परंतु बदललेल्या जठराशी जुळवून घेत खाण्याची सवय नव्याने लावण्याचे काम त्यानंतर सुरू होते आणि ते आयुष्यभर चालते. या काळात उलटी, मळमळ, घास अडकणे, अन्नाचा तिटकारा, चक्कर, केस गळणे आणि घटलेले वजन पुन्हा वाढणे अशा अनेक तक्रारी उद्भवू शकतात. त्यांतील कोणती किरकोळ आणि कोणती गंभीर हे ठरवताना तक्रार कोणती आहे याइतकेच ती शस्त्रक्रियेनंतर किती काळाने उद्भवली हेही पाहावे लागते, कारण दुसऱ्या आठवड्यातील उलटी आणि दुसऱ्या वर्षातील उलटी यांची कारणे बहुधा वेगळी असतात.

शरीरात नेमके काय बदलते

सध्या प्रामुख्याने दोन शस्त्रक्रिया केल्या जातात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकला जातो आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक राहते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलिलिटर अन्न मावेल एवढी पिशवी वेगळी केली जाते आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला थेट जोडली जाते, त्यामुळे उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. बायपासची मूळ कल्पना अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांची. जठरव्रणासाठी ज्यांच्या जठराचा भाग काढावा लागे त्या रुग्णांचे वजन नंतर सहसा वाढत नाही, या निरीक्षणावरून त्यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी ही शस्त्रक्रिया प्रथम केली.

या दोन्ही शस्त्रक्रियांचा परिणाम केवळ जागा कमी झाल्याने होत नाही. घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या, फुगीर भागात तयार होते आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. याउलट अन्न आतड्यात लवकर पोहोचू लागल्याने जीएलपी-१ सारखी तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके जेवणानंतर अधिक प्रमाणात स्रवतात. त्यामुळे पहिले काही महिने अनेकांना भूक जवळजवळ लागतच नाही. रुग्णाला हा काळ सुखाचा वाटतो, पण आहारतज्ज्ञाला तो काळजीचा वाटतो, कारण भूक नसताना पाणी आणि प्रथिने पोटात जाणे घड्याळाच्या आधारेच साधावे लागते.

पहिले तीन महिने: वेग आणि पोत

शस्त्रक्रियेनंतर आहार पायऱ्यापायऱ्यांनी वाढवला जातो. प्रथम पाणी, नितळ सूप, वरणाचे वरचे पाणी आणि पातळ ताक, मग घुसळलेले किंवा मिक्सरमधून काढलेले अन्न, त्यानंतर मऊ शिजवलेले आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न, असा हा क्रम असतो आणि त्याचे नेमके वेळापत्रक प्रत्येक रुग्णालयात थोडे वेगळे असते. दिवसभरात किमान दीड लिटर द्रव घोट-घोट घेऊन पोटात जाणे आवश्यक मानले जाते. सुरुवातीच्या आठवड्यांत रुग्णाला पुन्हा दाखल करावे लागण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे पाणी कमी पडून आलेला अशक्तपणा होय.

या टप्प्यातील बहुतेक उलट्या आणि घास अडकल्याची भावना यांमागे तीन कारणे असतात: घाईने खाणे, नीट न चावणे आणि तृप्ती झाल्यावरही आणखी एक घास घेणे. नव्या पिशवीची तृप्तीची खूण पूर्वीसारखी नसते. काहींना छातीच्या मध्यभागी दाब जाणवतो, काहींना उचकी लागते, तर काहींना नाक वाहू लागते किंवा तोंडाला फेसाळ लाळ सुटते. ही खूण ओळखून लगेच थांबणे हेच खरे कौशल्य असते. मऊ पोळी, ताजा पाव आणि चिकट भात यांचा पोटात गोळा होतो, म्हणून ते अनेकांना आमटीतल्या डाळीपेक्षा किंवा मऊ शिजलेल्या माशापेक्षा जड जातात. कोरडे, पुन्हा गरम केलेले चिकनही याच कारणाने अडकते, पण तेच रश्शात मुरवून बारीक केल्यास चालते. एखादा पदार्थ एकदा सोसला नाही म्हणून तो कायमचा वर्ज्य करण्याची गरज नसते. दोन-तीन आठवड्यांनी अगदी थोड्या प्रमाणात तो पुन्हा घेऊन पाहता येतो.

बायपासनंतर साधारण पहिल्या ते तिसऱ्या महिन्यात आधी सोसत असलेले अन्नही अडकू लागले आणि हळूहळू पातळ पदार्थही उलटून पडू लागले, तर मात्र खाण्याच्या सवयींना दोष देत बसणे योग्य ठरत नाही. जठराची पिशवी आणि आतडे यांच्या सांध्याच्या जागी व्रणाची ऊती आकसून वाट अरुंद झालेली असू शकते. ती दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करता येते. स्लीव्हची नळीही मध्येच वाकल्यास किंवा अरुंद झाल्यास असाच त्रास होतो.

दीर्घकाळ चालणाऱ्या उलट्यांचा एक धोका विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. थायमिन, म्हणजेच ब१ जीवनसत्त्व, याचा शरीरातील साठा फार थोडा असतो आणि तो काही आठवड्यांतच संपतो. त्याच्या अभावी मेंदूला इजा होऊन दृष्टी दुहेरी होणे, चालताना तोल जाणे आणि गोंधळल्यासारखे वागणे ही लक्षणे दिसतात. अशा रुग्णाला थायमिन न देता केवळ ग्लुकोजचे सलाइन लावल्यास स्थिती बिघडू शकते. म्हणून जवळच्या कोणत्याही दवाखान्यात जावे लागले तरी आपली कोणती शस्त्रक्रिया केव्हा झाली आणि उलट्या किती दिवस चालू आहेत हे रुग्णाने किंवा नातेवाइकांनी सर्वांत आधी सांगितले पाहिजे.

गोड घास आणि चक्कर

गॅस्ट्रिक बायपासनंतर गोड पदार्थ खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडणे, घाम येणे, पोटात कळ येणे, जुलाब होणे आणि आडवे व्हावेसे वाटणे या लक्षणसमूहाला डम्पिंग सिंड्रोम म्हणतात. जठराच्या तळाशी असलेली झडप अन्नाला एरवी हळूहळू पुढे सोडते. बायपासमध्ये ती वाटच टाळलेली असल्याने साखरेचे दाट द्रावण एकदम आतड्यात उतरते, ते पातळ करण्यासाठी रक्तातील पाणी आतड्यात ओढले जाते आणि त्यामुळे ही लक्षणे उमटतात. स्लीव्हनंतरही हा त्रास होऊ शकतो, पण तुलनेने कमी. दुसरा प्रकार उशिराचा असून तो जेवणानंतर एक ते तीन तासांनी येतो आणि बहुधा शस्त्रक्रियेला वर्ष उलटल्यावर प्रकट होतो. साखर वेगाने शोषली गेल्यामुळे इन्सुलिन गरजेपेक्षा अधिक स्रवते, रक्तातील साखर एकदम खाली येते आणि हात थरथरणे, दरदरून घाम फुटणे, क्वचित शुद्ध हरपणे असे प्रकार घडतात.

दोन्ही प्रकारांवरील पहिला उपाय आहाराचाच असतो. जिलेबी, बासुंदी, उसाचा रस, फळांचे गाळलेले रस आणि शीतपेये टाळावीत, प्रत्येक जेवणात प्रथिने आणि तंतुमय भाजी आधी घ्यावी आणि पाणी जेवणासोबत न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने प्यावे. एवढ्याने बहुसंख्यांचा त्रास आटोक्यात येतो. न आल्यास औषधेही उपलब्ध आहेत. साखर खरोखरच उतरली असेल तर ती लगेच वर आणण्यासाठी थोडी साखर घ्यावी लागते, पण पाठोपाठ प्रथिनयुक्त काही खाल्ले नाही तर तेच चक्र पुन्हा सुरू होते.

घरचे ताट आणि पाहुण्यांचा आग्रह

रुग्णाचे जठर बदलले तरी घरातील जेवणाच्या रीती बदललेल्या नसतात, आणि मराठी घरांत तर ताटात काही टाकू नये हा संस्कार लहानपणापासून रुजलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर हाच संस्कार अडचणीचा ठरतो, कारण दोन घास उरले असताना थांबणे ज्याला अपराधासारखे वाटते तो ते दोन घास खातो आणि पुढचा तासभर त्रास सोसतो. यावर साधा उपाय म्हणजे मोठ्या ताटाऐवजी लहान ताटलीत आणि वाटीत थोडेसेच वाढून घेणे. लग्नकार्यात आणि सणावारी यजमानाचा आग्रह मोडणे अवघड असते. तिथे घरच्या एखाद्या व्यक्तीने रुग्णाची बाजू आधीच सांगून ठेवल्यास त्याला पंक्तीत स्वतःच्या आजाराचे स्पष्टीकरण देत बसावे लागत नाही.

उपवासांचाही विचार करावा लागतो. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ असल्यामुळे लहान पिशवीतील मोलाची जागा त्याने भरली की दिवसाची प्रथिने राहून जातात. निर्जळ उपवासात पाणी कमी पडण्याचा धोका असतो आणि एरवी दिवसभर घोट-घोट पिऊन साधलेले प्रमाण सायंकाळी एकदम भरून काढणे या रुग्णांना शक्य नसते. शाकाहारी व्यक्तींना प्रतिदिन ६० ते ८० ग्रॅम प्रथिनांचे उद्दिष्ट गाठणे कठीण जाते, म्हणून त्यांच्या आहारात पनीर, घट्ट दही, सोयाबीन, मूग आणि मटकीचे मऊ शिजवलेले प्रकार आणि गरजेनुसार प्रथिनांची भुकटी यांची योजना आधीच करावी लागते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू लागतात तेव्हा अनेक जण घाबरतात. वेगाने वजन घटल्याने होणारी ही गळती बहुधा तात्पुरती असते, मात्र प्रथिने किंवा लोह कमी पडत असल्यास ती लांबते.

उशिरा दिसणाऱ्या उणिवा

काही उणिवा वर्षांनी उघड होतात. ब१२ जीवनसत्त्व अन्नातून सुटे होण्यासाठी जठरातील आम्ल आणि शोषले जाण्यासाठी जठरातच तयार होणारे एक प्रथिन लागते. यकृतातील साठा मोठा असल्याने त्याची कमतरता सावकाश जाणवते, पण पायांतील मुंग्या आणि विस्मरण अशा रूपांत ती दिसू लागेपर्यंत मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते. लोह मुख्यतः आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते तो भाग बायपासमध्ये वगळलेला असल्यामुळे, पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय विशेष आढळतो. जेवणाला लागून घेतलेल्या चहामुळे लोहाचे शोषण आणखी घटते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र न घेता त्यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे लागते. बरे वाटू लागले म्हणून या गोळ्या बंद करणे ही फार नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे.

याच उशिराच्या काळात नव्याने सुरू झालेली पोटदुखी हलक्यात घेऊ नये. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असल्यास वेगाने वजन घटताना बनलेले पित्ताशयातील खडे हे कारण असू शकते. सांध्याजवळील व्रण धूम्रपानाने आणि गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी होतात. बायपासनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही आतड्याचा वेढा आतल्या फटीत अडकून असह्य कळा येऊ शकतात, आणि अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठणे हाच मार्ग असतो.

वजन पुन्हा वाढते तेव्हा

रुग्णाला सर्वांत जिव्हारी लागणारा धक्का म्हणजे वजनाचा काटा थांबणे आणि मग उलट फिरणे. याबाबत स्वीडनमधील एका प्रदीर्घ अभ्यासाचा दाखला उपयोगी आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात चार हजारांहून अधिक लठ्ठ व्यक्तींचा मागोवा घेतला गेला आणि त्यांपैकी सुमारे निम्म्यांवर शस्त्रक्रिया झाली होती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांपर्यंत घटले आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजेच यशस्वी ठरलेल्या रुग्णसमूहातही काही वजन परत आले होते, आणि तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी आढळले.

थोडे वजन परत येणे हे शरीराच्या स्वभावाला धरून आहे. वजन घटले की शरीर विश्रांतीतही कमी ऊर्जा खर्च करू लागते, भुकेची संप्रेरके काही अंशी पूर्ववत होतात आणि पिशवीची सामावून घेण्याची शक्ती वाढते. त्याखेरीज दिवसभर थोडेथोडे तोंडात टाकत राहण्याची सवय लागते. चिवडा, बिस्किटे, फरसाण आणि आइस्क्रीम हे पदार्थ अडकत नाहीत, तृप्ती देत नाहीत आणि उष्मांक मात्र भरपूर देतात. भाजी-भाकरी जड जाते म्हणून माणूस सोप्या पदार्थांकडे वळतो, आणि अशा रीतीने सुरुवातीची खाण्याची अडचण नंतरच्या वजनवाढीचे कारण बनते. स्टेरॉइडसारखी काही औषधे, स्नायूंची झीज, नैराश्य आणि अपुरी झोप यांचाही वाटा असतो. जे पूर्वी दुःख किंवा एकटेपणा खाण्यात विसरत असत त्यांचा तो आधार शस्त्रक्रियेने काढून घेतलेला असतो, पण दुःख तसेच राहते. काहींमध्ये त्याची जागा मद्य घेते, आणि बायपासनंतर मद्य रक्तात फार वेगाने चढत असल्याने हा धोका अधिक गंभीर असतो.

वजन वाढू लागलेले रुग्ण बहुधा लाजेने तपासणीला जाणे टाळतात आणि ज्या वेळी मदत सर्वाधिक उपयोगी पडली असती तीच वेळ निघून जाते. दोन-तीन किलो वाढ झाली असतानाच आठवडाभराच्या खाण्याची प्रामाणिक नोंद घेऊन आहारतज्ज्ञाकडे जाणे, स्नायू बळकट करणारा व्यायाम सुरू करणे आणि गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञाचे साह्य घेणे यांतून बरेच साधते. जीएलपी-१ वर आधारित नवी औषधेही आता अशा रुग्णांसाठी वापरली जातात, तर पिशवीत किंवा सांध्यात दोष आढळल्यास क्वचित दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार होतो.

लठ्ठपणा हा मधुमेहासारखाच दीर्घकालीन आजार आहे आणि शस्त्रक्रिया हा त्याच्या उपचारातील एक प्रभावी टप्पा आहे, हे रुग्णाने आणि कुटुंबाने मान्य केले की मागे पडणे म्हणजे नापास होणे, ही समजूत गळून पडते. पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी रक्ततपासणी, वजनाची नोंद आणि आहाराचा आढावा चुकवला नाही, तर बहुतेक अडचणी त्या ज्या काळात उद्भवतात त्याच काळात ओळखता येतात आणि तेव्हा त्यांवरचे उपायही सोपे असतात.