खून कोणाचा झाला?

"या वीकएंडला काय बघू?" हा आमच्या ऑफिसातला दर शुक्रवारचा प्रश्न. उत्तर ठरलेलं, "एखादी मस्त मर्डर मिस्टरी!" यात नवल काहीच नाही. आईबाबांकडून 'करमचंद'च्या गाजराचे किस्से ऐकत आणि जेवताना 'सीआयडी' लावून मोठी झालेली आपली पिढी. आठवडाभर टार्गेट, अप्रेझल आणि ट्रॅफिक यातलं कुठलंच कोडं सुटत नाही, निदान टीव्हीवरचं तरी रविवारी रात्री सुटावं, एवढीच माफक अपेक्षा!

पण मंडळी, माझी एक खोड आहे. कोणी मालिका संपवून आलं की खुनी कोण हे मी विचारत नाही. मी विचारते, "ज्याचा खून झाला, त्याचं नाव काय?" समोरचा गप्प. डिटेक्टिव्हचं जॅकेट आठवतं, शेवटचा ट्विस्ट आठवतो. ज्याच्या जिवावर आठ एपिसोड चालले तो बिचारा मात्र 'बॉडी' म्हणूनच राहिलेला असतो.

हसण्यावारी नेऊ नका. ही सवय टीव्हीपुरती राहत नाही. खऱ्या खुनाची बातमी आली की लंच टेबलवर आपल्या थिअऱ्या सुरू होतात. "नवऱ्यानेच केला असणार", "नाही रे, मैत्रीण बघ." जणू पुढचा एपिसोड उद्या येणार आहे! कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलंय, हे डबा संपेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मालिका निवडताना माझी फूटपट्टी एकच. कोडं तर हवंच, पण गेलेला माणूस शेवटपर्यंत माणूस राहायला हवा. या परीक्षेत पास झालेल्या सहा मालिका पुढे देतेय. घाबरू नका, खुन्याचं नाव कुठेही फोडलेलं नाही.

ब्रॉडचर्च : अख्ख्या गावाचं दुःख

ब्रिटनच्या 'आयटीव्ही'वर २०१३ ते २०१७ या काळात तीन सीझन झाले. सुरुवात पहिल्यापासूनच करा, फक्त आठ भाग आहेत. समुद्राकाठचं छोटं गाव, उंच कडा आणि वाळूत सापडलेला अकरा वर्षांचा डॅनी लॅटिमर. पहिल्याच भागात डॅनीचा बाबा सकाळी बाजारातून चालत जातो आणि वाटेत भेटेल त्याला हाय-हॅलो करतो. त्या दोन मिनिटांत आपल्याला गाव कळतं आणि नंतर त्याच सगळ्या चेहऱ्यांवर संशय घ्यायचा असतो! तपास करणाऱ्या एली मिलरचा मुलगा हा डॅनीचा जिगरी दोस्त. त्यामुळे तिच्यासाठी ही 'केस' कधीच नुसती केस राहत नाही. ऑलिव्हिया कोलमनने ही एली अशी काही उभी केलीय, की बस्स! डेव्हिड टेनंटचा खडूस बॉस हा बोनस.

द किलिंग : वीस दिवस, वीस भाग

डेन्मार्कची ही मालिका २००७ची. मूळ नाव 'फोरब्रुडेल्सन', म्हणजे 'गुन्हा'. याच नावाचा अमेरिकन रिमेक २०११ मध्ये आला, त्यामुळे सर्च करताना डॅनिशच निवडा. सबटायटल्स वाचायचा कंटाळा पहिल्या दोन भागांत जातो. पहिल्या सीझनमध्ये एक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. नाना बर्क लार्सन या एकोणीस वर्षांच्या मुलीचा खून होतो. एकीकडे पोलीस, दुसरीकडे कोपनहेगनच्या महापौरपदाची निवडणूक आणि तिसरीकडे नानाचं घर. घरसामान हलवण्याचा धंदा असलेला बाप, आई, दोन धाकटे भाऊ. इतर मालिकांत आईवडील एकदा रडतात आणि गायब होतात. इथे त्यांना पुन्हा स्वयंपाक करावा लागतो, मुलांना उठवावं लागतं, बिलं भरावी लागतात. इन्स्पेक्टर सारा लुंडचा स्वेटर जगभर गाजला, माझ्या डोक्यात मात्र ते स्वयंपाकघर राहिलंय.

ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग : हसता हसता

एवढं गंभीर नको असेल तर हे घ्या. २०२१ मध्ये सुरू झालेली ही कॉमेडी. भाग साधारण अर्ध्या तासाचा, म्हणजे जेवणाच्या ताटासोबत परफेक्ट. न्यूयॉर्कच्या एका जुन्या, उच्चभ्रू बिल्डिंगमध्ये टिम कोनो नावाचा रहिवासी मरतो आणि तीन शेजारी मिळून त्यावर पॉडकास्ट सुरू करतात. स्टीव्ह मार्टिन, मार्टिन शॉर्ट आणि सेलेना गोमेझ हे त्रिकूट भन्नाट आहे. गंमत म्हणजे दुसऱ्या भागाचं नावच 'टिम कोनो कोण आहे?' असं आहे. बिल्डिंगची शोकसभा भरते आणि टिमपेक्षा एका मेलेल्या मांजरीसाठी लोक जास्त हळहळतात! आपल्या सोसायटीत शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव माहीत नसलेल्यांनी जरूर बघावी. म्हणजे आपण सगळ्यांनीच.

कोहरा : लग्नघरातलं धुकं

आता जरा घरी येऊया. 'नेटफ्लिक्स'वर २०२३ मध्ये आलेल्या पहिल्या सीझनचे सहाच भाग. एका शनिवारात संपतात. पंजाबात लग्नासाठी आलेला एनआरआय नवरदेव पॉल शेतात मृतावस्थेत सापडतो आणि त्याच्यासोबत आलेला इंग्रज मित्र बेपत्ता असतो. सुविंदर विकी आणि बरुण सोबती हे दोन पोलीस माग काढत निघतात. घरच्यांना पॉल हवा होता तो मुलगा म्हणून, नवरदेव म्हणून. तो स्वतः कोण होता, हे शोधायची वेळ पोलिसांवर येते. संवाद बरेचसे पंजाबीत आहेत. डब आवृत्तीच्या नादी लागू नका, मूळ आवाजातच बघा.

दहाड : न शोधलेल्या मुली

'प्राइम व्हिडिओ'वर २०२३ मध्ये आलेले हे आठ भाग. निर्मात्या रीमा कागती आणि झोया अख्तर. राजस्थानात सार्वजनिक शौचालयांत बायकांचे मृतदेह सापडत जातात. संशय कुणावर घ्यायचा हे मालिका फार काळ लपवत नाही. तिचा खरा प्रश्न वेगळा आहे. एवढ्या मुली गायब झाल्या आणि कुणीच शोधलं कसं नाही? उत्तर अंगावर येतं. 'पळून गेली' असं घरच्यांनी धरून चाललं, वर हुंड्याचा खर्च वाचला! जातीवरून टोमणे झेलणारी सब-इन्स्पेक्टर अंजली भाटी या मुलींची नावं एकेक करून कागदावर आणते. सोनाक्षी सिन्हाचं हे काम बघाच.

मानवत मर्डर्स : आपल्या मातीतली

ही मराठी, 'सोनी लिव्ह'वरची, २०२४ची. दिग्दर्शक 'आत्मपॅम्फ्लेट'वाले आशिष बेंडे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात बायका आणि लहान मुलींचे खून झाले. मुळाशी गुप्तधन आणि अंधश्रद्धा. तपासासाठी मुंबईहून गेलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आत्मचरित्रावर मालिका बेतलेली आहे. कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर, सोबत मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर. बाकीच्या पाच मालिका बघून "शेवटी कथाच आहे" म्हणता येतं, इथे ती पळवाट नाही. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये झाला. मानवतनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी! ही एकटीने रात्री बघू नका, असं मैत्रिणीच्या नात्याने सांगते.

कुणी काय बघावं?

एकच दिवस मोकळा आहे : कोहरा.
जेवता जेवता हवंय : ओन्ली मर्डर्स.
दोघांनी मिळून बघायचंय : ब्रॉडचर्च.
आईबाबांसोबत चर्चा रंगवायचीय : मानवत मर्डर्स.
मैत्रिणींचा अड्डा जमलाय : दहाड.
दिवाळीची सलग सुट्टी आहे : द किलिंग.

परदेशी मालिकांचे प्लॅटफॉर्म भाडेकरूंसारखे घरं बदलतात, तेव्हा ॲप शोधत बसण्यापेक्षा नावाने सर्च करा. एका रात्री दोन भाग पुरे, सकाळी नऊची मीटिंग कुणाला चुकत नाही! आणि बघून झाली की खुन्याचं नाव कुणालाही सांगू नका. जो गेला, त्याचं मात्र जरूर सांगा.