इंधन संपत होतं, तेव्हा

२८ डिसेंबर १९७८. अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान जवळपास तासभर घिरट्या घालत होतं. चाकं उतरताना जोराचा धक्का बसला होता. कॅप्टन त्याच काळजीत. इंधन घटत असल्याचं सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर सांगत होते, पण आडून आडून. ‘आत्ताच उतरा’ असं ठणकावून कुणीच म्हणालं नाही. इंजिनं बंद पडली, विमान वस्तीलगत कोसळलं, १० जण गेले. आणि कॅप्टन चांगला अनुभवी होता!

१९८१ मध्ये युनायटेडने नवं प्रशिक्षण सुरू केलं: हाताखालच्यांनी स्पष्ट बोलायचं, कॅप्टनने ऐकायचं. पुढे ते शस्त्रक्रियागृहांतही पोचलं. माझ्या मते यात वरिष्ठाचं काम जास्त अवघड. शंका काढणाऱ्यावर तो एकदा खेकसला, की पुढच्या वेळी सगळे गप्प. म्हणून ‘काही खटकलं तर लगेच सांगा’ हे काम सुरू होण्याआधी त्यानेच म्हणायचं.