सोनेतारण आणि बायबलमधले ‘तारण’
साखरखेर्ड्यातला शेतकरी बँकेत दागिने ठेवून कर्ज काढतो, ते सोनेतारण. मराठी बायबलमध्ये मात्र ‘तारण’ म्हणजे पापातून सुटका. पापासाठीच्या मूळ ग्रीक शब्दाचा, ‘हामार्तिया’चा, अर्थ नेम चुकणे. पौलाच्या रोमकरांस पत्रानुसार हा नेम सगळ्यांचाच चुकतो. सुटका पुण्य करून कमावता येत नाही, ती कृपेने मिळते.

पंडिता रमाबाईंनाही हे लगेच उमगले नव्हते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. पण तेव्हा धर्म मिळाला, ख्रिस्त नाही, असे त्यांनी पुढे लिहिले. नवरा मेला तर ते विधवेच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असे मानण्याचा तो काळ. ‘सगळेच पापी’ हे एरवी कठोर वाटणारे वचन; तिच्यासाठी मात्र दिलासाच. रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमाचे नाव ‘मुक्ती’. हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलही त्यांनी तिथेच केले.