संरचनात्मक आरेखनातील परिमाणांचे प्रदर्शन-स्वरूप : एक टिपण

पोलादी सांगाड्याचे तपशील-आरेखन करणाऱ्या टेकला स्ट्रक्चर्ससारख्या प्रणालीत परिमाणाचे एकक, अचूकता आणि स्वरूप या बाबी स्वतंत्रपणे निश्चित कराव्या लागतात. विद्यार्थी यांस केवळ सजावट समजतात. वस्तुतः कारखान्यातील कारागीर कागदावरील आकडाच वाचतो.

उदाहरणार्थ, २०० मि.मी. अंतराचे तीन समान भाग केल्यास प्रारूपात प्रत्येक भाग ६६.६७ मि.मी. असतो. अचूकता पूर्ण मिलिमीटर ठेवल्यास ६७ हा आकडा तीनदा उमटतो व बेरीज २०१ होते. आय.एस. ८०० : २००७ नुसार २० मि.मी. बोल्टच्या प्रमाणित छिद्रात एकूण २ मि.मी. मोकळीक असते, तिचा निम्मा भाग येथेच संपतो. एकाच संदर्भरेषेपासून ६७, १३३, २०० अशी परिमाणे दिल्यास चूक साचत नाही. (मुळात अंतरे ६५, ७०, ६५ ठेवणे संकल्पकाच्या हाती असते, हा भाग वेगळा.) स्वरूपात दशांशस्थान चौकटी कंसात लिहिल्यास ते आवश्यक तेव्हाच दिसते : ६६.७ तसेच उमटते, २०० मात्र २००.० होत नाही.

अमेरिकी प्रकल्पांची आरेखने आपल्याकडेही होतात. तेथे फूट-इंच एकक व १/१६ इंच अचूकता रूढ आहे. मेट्रिक प्रारूपाचे केवळ प्रदर्शन-एकक बदलल्यास ७५ मि.मी. अंतर २ १५/१६ इंच, म्हणजे ७४.६ मि.मी., असे दिसते. अशा दहा अंतरांच्या रांगेत तूट सुमारे ४ मि.मी. भरते आणि प्रारूपात मात्र सर्व छिद्रे बिनचूक जुळलेली असतात.