पीस, पाणी आणि विश्वास

गळाला पीस बांधून माशी करायची, तर आधी पीस निवडायला हवे. महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर गावठी कोंबड्या असतातच. कोंबड्याच्या मानेचे पीस ताठ. ते पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला. कोंबडीचे पीस मऊ. भिजले की प्रवाहात हलते आणि माशाला तो जिवंत किडा वाटतो. गळाच्या दांडीवर दोरा गुंडाळून अंग बारीक ठेवायचे, डोळ्यामागे पिसाचे दोनच वेढे द्यायचे, तंतू मागे वळवून गाठ मारायची. जास्त वेढे दिले की तंतू दाटतात, हलत नाहीत. मग माशीतला जीव गेलाच म्हणा! म्हणजे जीव आपण घालत नाही, पाण्याला तो घालायला जागा ठेवतो.

आता प्रश्न असा, की ही माशी टाकायची कुठे? महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले महसीर देवीचे, म्हणून गावकरी ते धरत नाहीत; उलट खाऊ घालतात. कुणी म्हणेल, धरून लगेच सोडून दिला तर? पण माणसाने टाकलेला खाऊ निर्धास्त खाणाऱ्या माशाला फसवण्यात कौशल्य कसले? तो तर विश्वासाचा गैरफायदा झाला. कला जरूर शिकू या; कोंडापाशी मात्र गळ डबीतच राहू द्या.